मानगुटीवर बसलेला गुंता

'जीव रंगला' हे गाणं माहीत नाही असा मराठी माणूस परदेशातही क्वचितच सापडेल. गणपतीचा कार्यक्रम असो की दिवाळीचा, कुणीतरी ते गातंच. ज्या सिनेमातलं ते गाणं आहे तो 'जोगवा' (२००९) मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो. राजन गवस यांच्या लेखनावर आधारलेला आणि राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा. त्यात सुली नावाच्या मुलीच्या (मुक्ता बर्वे) केसांत जट सापडते. तेवढ्यावरून तिचं शिक्षण, लग्न, संसार असं सगळं आयुष्यच रद्द होतं आणि तिला यल्लम्माची जोगतीण व्हावं लागतं.

केसांचा एक गुंता, बस्स. तुम्ही-आम्ही सकाळी कंगव्याने सोडवतो तसलाच. त्यावरून एका मुलीचं नशीब कसं काय ठरू शकतं? पॉडकास्टच्या या भागात आपण देवदासी प्रथेच्या इतिहासावर बोललो, तेव्हा जटेचा विषय पाचेक मिनिटांत आटपावा लागला. तो इथे सावकाश मांडते. या गोष्टीत केस आहेत, देवी आहे, जात आहे, कायदा आहे, आणि शेवटी एक प्रश्न आहे जो आपल्या घरापर्यंत येतो.

आधी गुंत्याबद्दल

मी राहते ते स्प्रिंगफील्ड लेक्स ब्रिस्बेनच्या नैर्ऋत्येला, इप्सविच शहराच्या हद्दीत आहे. आजूबाजूला भारतीय घरं बरीच, त्यामुळे लांब केसांच्या मुलीही बऱ्याच. क्वीन्सलँडचा उन्हाळा म्हणजे घामट आणि दमट. शाळेत 'टोपी नाही तर खेळ नाही' हा नियम. त्यात पोहण्याचा तास आणि क्लोरीनचं पाणी. संध्याकाळी मुलगी घरी येते तेव्हा वरून वेणी जागच्या जागी असते, पण ती सोडून मानेवर हात फिरवला की बोटं अडकतात. केस कुठेही गुंतू शकतात, पण मानेवरचे सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट गुंततात. असं का?

प्रत्येक केसावर अगदी सूक्ष्म खवले असतात. कौलारू घराच्या छपरासारखे ते एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे असतात. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं की केस गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवलं की खरखरीत. केस कोरडे पडले, उन्हाने किंवा क्लोरीनने खराब झाले की हे खवले उचकटतात आणि शेजारच्या केसाच्या खवल्यांत अडकतात. त्यावर घर्षण आणि ओल मिळाली की केस एकमेकांत रुतत जातात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आटून घट्ट होतो किंवा लोकर दाबून काश्मिरी नमदा तयार होतो, त्यामागेही हेच घडतं. मानेवर हे सगळं एकत्र येतं. कॉलर घासते, उशी घासते, घाम साठतो. शिवाय ती जागा आरशात दिसत नाही. वरच्या केसांनी झाकलेली असते, म्हणून घाईच्या सकाळी कंगवा वरवर फिरतो आणि खालचा थर तसाच राहतो. चार दिवस राहिला की गुठळी. चार आठवडे राहिला की दोरखंड.

सोडवायची पद्धत आपल्या आज्यांना ठाऊक होती. टोकाकडून सुरुवात करायची आणि बोटाएवढं सोडवत सोडवत वर जायचं. मुळाशी केस मुठीत धरायचे म्हणजे टाळू ओढली जात नाही. आधी तेल. फणी नंतर, पहिल्यांदा बोटं. आज तेलाच्या जागी कंडिशनर आलं, फणीच्या जागी रुंद दातांचा कंगवा आला, बाकी काही बदललेलं नाही. 'वेणीफणी' या जोडशब्दात रोजची ही अर्ध्या तासाची बैठक सामावलेली आहे. फणी करून उरतं ते गुंतवळ. एके काळी ते साठवून ठेवायचं आणि दारावर येणारीला देऊन त्याच्या बदल्यात भांडं किंवा सुया घ्यायच्या.

हे एवढ्या तपशिलाने सांगितलं कारण पुढचं सगळं या अर्ध्या तासावर अवलंबून आहे. तो अर्धा तास, थोडं तेल आणि पुरेसं पाणी ज्या घरात आहे, तिथे गुंता हा गुंताच राहतो. जिची आई उजाडायच्या आत दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते, जिच्या घरी पाणी लांबून आणावं लागतं, तिच्या मानेवर त्याच गुंत्याची जट होते.

गुंत्याची जट कशी होते

जट आणि गुंता यांत शरीरशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. फरक आहे तो कुणीतरी उच्चारलेल्या एका वाक्याचा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडचा बेळगाव भाग हा यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या भक्तीचा पट्टा. तिचं मुख्य ठाणं बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर. तिची कथा तुम्हाला ठाऊक असेल. जमदग्नी ऋषींची ही पत्नी, नवऱ्याच्या आज्ञेवरून तिचा मुलगा परशुराम तिचं शीर उडवतो आणि पुढे ती पुन्हा जिवंत होते. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवी विधवा होते, म्हणून जोगतिणी बांगड्या फोडतात. माघी पौर्णिमेला ती पुन्हा सवाष्ण होते. डोक्यावर देवीचा 'जग', हातात परडी, कपाळाला भंडारा आणि चौंडक्याच्या तालावर गाणी, असं हे जग आहे. मराठी गाण्यांना आणि लोककलेला त्याने पुष्कळ दिलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

या जगात केसांतली गुठळी म्हणजे देवीने पाठवलेली खूण. मुलीच्या मानेवर गुठळी दिसली की घरातली मोठी बाई, नाहीतर शेजारीण ती एखाद्या जोगतिणीला किंवा देवऋष्याला दाखवते. तो सांगतो की आई आली आहे, हिला हात लावू नका. इथून पुढे कंगवा बंद. कात्रीचं तर नावच नको. कापली तर रक्त येईल, घरात कुणी दगावेल, मुलगी वेडी होईल. वरून तेल, हळद, भंडारा लागत राहतो, धूळ बसत राहते, आणि आजूबाजूचे मोकळे केसही हळूहळू त्या गुठळीत ओढले जातात. म्हणजे मनाई केल्यामुळे जट वाढते, आणि जट वाढली म्हणून देवी खरी ठरते. ही साखळी आतून तोडणं फार अवघड.

मराठीत 'मानगुटीवर बसणे' असा वाक्प्रचार आहे. भूत मानगुटीवर बसतं, कर्ज मानगुटीवर बसतं. जे दिसत नाही, झटकता येत नाही आणि वजन मात्र देतं, त्याची जागा आपल्या भाषेने मानेच्या मागे ठरवली आहे. जट बरोबर तिथेच सुरू होते.

आणि तिचं वजन अगदी शब्दशः असतं. लांब जट ओली झाली की जड होते, लवकर वाळत नाही, म्हणून बायका डोक्यावरून पाणी घेणंच सोडतात. मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही. उवा होतात, त्वचेला जखमा होतात, वास येतो. मग लोक लांब बसतात. देवी अंगावर आहे म्हणून पाया पडणारी माणसंच जेवायच्या पंगतीत शेजारी बसायला तयार नसतात.

लहान मुलीच्या बाबतीत गोष्ट इथे थांबत नसे. जट म्हणजे देवीची मागणी, आणि मागणी पूर्ण करायची म्हणजे मुलगी सोडायची. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली की तिचं लग्न देवीशी लागलं असं समजायचं. त्यानंतर तिला माणसाशी लग्न करता येत नसे. जोगवा मागायचा आणि बहुतेक वेळा गावातल्या किंवा बाहेरच्या एखाद्या पुरुषाच्या आश्रयाला जायचं, नाहीतर थेट शहरातल्या वेश्यावस्तीत. ज्या मुली सोडल्या गेल्या त्या बहुसंख्येने दलित आणि भूमिहीन घरांतल्या. ज्यांनी त्यांना 'ठेवलं' ते बहुतेक वरच्या जातींतले आणि जमीनवाले. देवी सगळ्यांची होती, पण तिची मागणी ठरावीक घरांतूनच येत होती.

पोलंडमधली जट

इथपर्यंत वाचून वाटेल की हे काहीतरी खास आपल्याकडचं, 'तिकडच्या मागास खेड्यांतलं' प्रकरण आहे. तर नाही. युरोपात हीच गोष्ट दोन-तीनशे वर्षं चालली होती आणि वैद्यकात तिचं नावच 'पोलिश वेणी' पडलं होतं.

पोलंड, लिथुआनिया आणि आजूबाजूच्या भागात केसांच्या अशा गुठळीला 'कोउतून' म्हणत. समज असा होता की शरीरातला रोग केसांवाटे बाहेर येतो आहे. सांधेदुखी, डोळ्यांचं दुखणं, वेड, सगळं त्या गुठळीत उतरतं. म्हणून ती वाढू द्यायची. कापली तर रोग उलटा फिरेल, माणूस आंधळा होईल, नाहीतर मरेल. देवीच्या जागी रोग ठेवला की वाक्यं तीच आहेत. इंग्लंडमध्येही रात्री पऱ्या येऊन केस गुंतवतात आणि तो गुंता सोडवणं अशुभ, अशी समजूत होती. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्येही तिचा उल्लेख येतो.

मग ही प्रथा गेली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठात युझेफ डिएट्ल नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. पुढे ते क्राको शहराचे नगराध्यक्षही झाले. कोउतून हा रोग नसून अस्वच्छता आणि अंधश्रद्धा यांचा परिणाम आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अशा लोकांची मोजणी सुरू केली, आणि गावोगावी अफवा पसरली की ज्याच्या डोक्यावर कोउतून त्याच्यावर कर बसणार. कराच्या भीतीने लोकांनी आपापल्या कात्र्या काढल्या आणि प्रथा ओसरायला त्या अफवेचीही मदत झाली, असं सांगतात. क्राकोच्या वैद्यकीय संग्रहालयात सुमारे दीड मीटर लांबीची एक जट अजून जपून ठेवलेली आहे. आजच्या पोलिश भाषेत 'कोउतून' हा शब्द कोत्या, बुरसटलेल्या माणसालाही वापरतात.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. एक, जटेला कुठलंही एकच मूळ नाही. गरिबी, थंडी किंवा पाण्याची टंचाई, आणि न समजणारी दुखणी जिथे एकत्र येतात तिथे गुंत्याला अर्थ चिकटतो. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. युरोपातली जट शेतकऱ्यांच्या डोक्यावर होती तशीच सरदारांच्याही, पुरुषांच्या होती तशी बायकांच्याही. आपल्याकडे ती मुलीच्या डोक्यावर आली की तिचा अर्थ 'ही आता कुणाचीही' असा लावला गेला. फरक गुंत्यात नाही, समाजाच्या रचनेत आहे.

वस्तरा आणि कात्री

ही रचना नीट दिसावी म्हणून त्याच महाराष्ट्रातली दुसरी प्रथा शेजारी ठेवून बघू. ब्राह्मण आणि काही इतर वरच्या जातींत नवरा वारला की बाईचे केस काढत. केशवपन. कधी कधी ती 'बाई' दहा-बारा वर्षांची असे. एकदा करून भागत नसे, केस वाढले की न्हावी पुन्हा यायचा, मरेपर्यंत. आगरकरांनी 'सुधारक'मधून या प्रथेवर कडाडून टीका केली. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती कृती केली न्हाव्यांनी. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीतले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातून ही गोष्ट व्हायची त्यांनीच हात मागे घेतले.

आता दोन्ही चित्रं एकत्र बघा. एकीकडे वरच्या जातीतली विधवा. तिचे केस राहता कामा नयेत, कारण ती पुन्हा कुणाची होता कामा नये. दुसरीकडे दलित घरातली मुलगी. तिचे केस कापले जाता कामा नयेत, कारण ती एकाची होता कामा नये. एकीवर वस्तऱ्याची सक्ती, दुसरीवर कात्रीची बंदी. आदेश उलटे दिसतात, पण 'तुझ्या डोक्यावरचा निर्णय तुझा नाही' हे वाक्य दोन्हीकडे सारखंच आहे. शाळेच्या पुस्तकांत केशवपन आलं, कारण त्याविरुद्ध लिहिणारे त्याच घरांतले होते. जट आली नाही. इतिहास कोण लिहितो याचा याहून सोपा दाखला मला माहीत नाही.

शंभर वर्षांची लढाई

पुस्तकात आली नाही याचा अर्थ कुणी लढलं नाही असा नाही. पुण्यातून १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केलं आणि त्यातून खंडोबाला मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे पहिले आवाज उठले ते ज्यांच्या मुली सोडल्या जात होत्या त्या समाजातूनच. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यासमोर डॉ. आंबेडकर बोलले आणि हे जिणं सोडा असं त्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं.

कायदा होऊनही चाळीस वर्षं सौंदत्तीच्या डोंगरावर मुली सोडल्या जात राहिल्या. १९७५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानचा त्यात पुढाकार होता. निवारा, मुलांचं शिक्षण, लग्नं, पेन्शन हे प्रश्न इथून पुढे देवदासींच्या स्वतःच्या तोंडून मांडले जाऊ लागले. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले.

या कायद्यांनी मुलगी सोडणं गुन्हा ठरवलं. पण जट असणं हा गुन्हा नाही, होऊही शकत नाही. डोक्यातली भीती कलम लावून जात नाही. हे काम अंगावर घेतलं ते महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये ही समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, हे तुम्हाला माहीत आहेच. समितीच्या कामातलं जटा निर्मूलन हे कमी गाजलेलं आणि फार चिकाटीचं काम. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी एकट्यांनी २०० हून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत.

कापायला फार तर तासभर लागतो. त्याआधीचं बोलणं मात्र कधी एका भेटीत संपतं, कधी अनेक महिने चालतं. बाईशी बोलायचं, मग सासूशी, मग नवऱ्याशी, कारण 'कोप' कुणावर होईल याची भीती प्रत्येकाची वेगळी. तिची तयारी झाली की जट मुळाशी किती चिकटली आहे ते बघत, टाळूला धक्का न लावता हळूहळू कापायची. रक्त येत नाही. मग डोकं धुवायचं. अनेक वर्षांनी डोक्यावरून पाणी घेणाऱ्या बाईला सगळ्यात आधी जाणवतो तो मानेचा हलकेपणा. आणि तिथे काम संपत नाही. पुढचे काही आठवडे संपर्क ठेवावा लागतो, कारण त्या दिवसांत घरात कुणाला साधा ताप आला तरी बोट तिच्याकडे जातं.

मग कात्री घेऊन निघायचं का?

आता आपल्या, म्हणजे संशोधकांच्या बाजूची अडचण सांगते, कारण ती टाळली तर लेख फारच सोपा होईल.

श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांचं १९८१ चं 'मेड्युसाज हेअर' हे पुस्तक माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी वाचनाच्या यादीत होतं. कतरगाम या तीर्थस्थानातल्या जटाधारी बायकांशी बोलून त्यांनी ते लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की जट हे बाहेरून चिकटवलेलं धार्मिक चिन्ह नाही. त्या बाईच्या आयुष्यातलं दुःख, अपराधीपणा, घरातली घुसमट यांना मिळालेलं ते रूप आहे. जट आल्यावर तिला देवाशी नातं मिळतं, बोलायला आवाज मिळतो, आणि नवऱ्याला 'लांब राहा' म्हणायचा अधिकारही मिळतो.

त्यानंतर २०१४ मध्ये लुसिंडा रॅम्बर्ग यांचं 'गिव्हन टू द गॉडेस' आलं, ते थेट आपल्या यल्लम्माच्या जोगतिणींवर. त्या दाखवतात की सुधारणेच्या मोहिमांत जोगतिणींच्या जटा कापल्या गेल्या तेव्हा त्या बायकांच्या दृष्टीने काय गेलं हे कुणी विचारलंच नाही. देवीला सोडलेली मुलगी घरात मुलाच्या जागी असते, तिला वारसा मिळतो, ती म्हाताऱ्या आईबापांना सांभाळते. जट कापणाऱ्याला ती घाण दिसते, आणि जोगतिणीला त्यात देवी दिसते. कापणारा शिकलेला, सरकारी गाडीतून आलेला, वरच्या जातीतला असेल, तर त्याच्या कात्रीत आणि केशवपनाच्या वस्तऱ्यात कितीसं अंतर उरतं?

हा आक्षेप मला गंभीर वाटतो. तरी त्याचं टोक मला मान्य नाही. देवीच्या नावाने मिळणारा आवाज खरा आहे, पण तो मिळवायला बाकी सगळी दारं आधी बंद व्हावी लागतात. सात वर्षांच्या मुलीच्या मानेवर गुठळी येते तेव्हा तिने काही निवडलेलं नसतं. तिच्या वतीने दुसरं कुणीतरी निवडतं. म्हणून माझ्यापुरती रेघ मी वयावर आणि होकारावर ओढते. पन्नाशीची जोगतीण जट ठेवेन म्हणत असेल तर तो तिचा अधिकार, तिच्याशी बोलत राहावं, तिच्यावर उपचार करावेत, तिच्या पेन्शनसाठी भांडावं. लहान मुलीची मात्र गुठळी सोडवायची, नाहीच सुटली तर कापायची, आणि तिला शाळेत पाठवायचं. समितीचे कार्यकर्ते कात्री उचलण्याआधी एवढं बोलत बसतात ते याचसाठी. त्यांचा सगळा भर त्या बाईच्या 'हो'वर आहे. १८९० च्या न्हाव्यांचंही मोठेपण त्यातच होतं. त्यांनी जबरदस्तीतून अंग काढून घेतलं.

इथे वाढलेली मुलं हमखास विचारतात, मग रास्ताफारी लोकांच्या ड्रेडलॉक्सचं काय? ब्रिस्बेनच्या वेस्ट एंडमध्ये तर किती जण हौसेने ठेवतात! उत्तर तेच. ते केस ठेवणाऱ्याने स्वतः ठेवलेले असतात, तो ते धुतो, निगा राखतो, आणि उद्या कंटाळा आला तर कापतो. जमैकात ती वसाहतवादाला दिलेली ठाम नकारघंटा होती. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींचा इतिहास पूर्ण उलटा असू शकतो.

आपल्या घरापर्यंत

हे सगळं दूरच्या डोंगरावरचं वाटत असेल तर एक लक्षात घ्या. भीतीला व्हिसा लागत नाही. व्हिडिओ कॉलवर नातीच्या मानेवरची गुठळी बघून 'कापू नका हं, आधी विचारून घेते' असं एखादी आजी म्हणते, तेव्हा ती वाईट नसते. तिने तिच्या गावात काय पाहिलं आहे ते ती बोलत असते. तिच्यावर हसून काही होत नाही. 'अंधश्रद्धा' हा शब्द तोंडावर फेकला तर ती गप्प बसेल, पण तिची भीती तशीच राहील.

त्यापेक्षा तिला विचारा. तुमच्या गावात कुणाला जट होती का? तिचं पुढे काय झालं? तिचं नाव काय होतं? माझा अनुभव असा की हे विचारलं की आज्या बोलायला लागतात, आणि ज्या बाईबद्दल घरात कधीच कुणी बोललं नव्हतं तिची गोष्ट बाहेर येते. हाही इतिहासच आहे, आणि तो कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेवा.

आणि ते बोलणं चालू असताना मुलीला पुढ्यात बसवा. केसांना तेल नाहीतर कंडिशनर लावा, मुळाशी मूठ धरा, टोकाकडून सुरू करा. रात्री सैल वेणी घालून झोपवा, म्हणजे उशीवर केस कमी घासतील. आजीलाच सांगितलंत तर आणखी बरं. फणी धरायचं कसब तिच्या हातात आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि गुंता बोटांनी सुटतो हे तिच्या बोटांना आधीपासून माहीत आहे.